कुलूप नव्हतं

झिंगाबाई टाकळी, नागपूर
११ जानेवारी २०२४

भैरवी,

वर चि. सौ. लिहायचं की नाही, यातच अर्धा तास गेला. चि. तर तू आहेसच. सौ. झालीस ते मला न बोलावता. नाही, हे खोडतो. बोलावलं होतंस, मीच आलो नाही. तेव्हा नुसतं भैरवी.

पत्ता रितिकाने दिला. कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत आपल्या शेजारच्या क्वार्टरमधली तुझी मैत्रीण आता जरीपटक्याला राहते. तिथल्या बाजारात भेटली. तिच्यावर रागावू नकोस, मी तिची भाजीची पिशवी धरून ठेवली आणि पत्ता मिळेपर्यंत सोडली नाही. विशाखापट्टणमचा पिनकोडसुद्धा तिला तोंडपाठ होता.

लिहायचं कारण तसं विशेष काही नाही. फोन करता आला असता, नंबर आहे. पण सध्या बोलायला थोडा त्रास होतो. थंडीचे दिवस, बसच्या खिडकीतून वारं लागलं आणि तोंड जरा धरलं. होईल बरं.

एक गोष्ट मात्र सहा वर्षांपासून सांगायची राहिली. तुझे सासरे भैयाजी त्या दिवशी सकाळी आपल्या क्वार्टरवर आले होते, मोहितसाठी तुझा हात मागायला, आणि मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. हे तुला माहीत आहेच. त्यांनी घरी जाऊन सांगितलंच असणार, कोणता बाप नाही सांगणार? म्हणूनच तू सहा वर्षं तोंड दाखवलं नाहीस, हेही मला कळतं. पण माझी बाजू तू कधी विचारली नाहीस. बाजू अशी की मी रात्रपाळी करून आलो होतो, डोळे उघडत नव्हते आणि मी त्यांना ओळखलं नाही. आपल्या दारात रोज कोणी ना कोणी यायचं, साहेब, कंत्राटी कामावर लावून द्या म्हणत. माझं एक ठरलेलं वाक्य होतं, "गेटवर भेटा." तेच त्यांना म्हणालो आणि दार लावून घेतलं. गैरसमज झाला, एवढंच.

बाकी सर्व नॉर्मल.

बाबा


२४ जानेवारी २०२४

भैरवी,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. पोस्टाचं आजकाल काही खरं नाही.

वाऱ्याचं लिहिलं होतं ते अर्धंच खरं. चेहऱ्याचा लकवा आहे. घाबरू नकोस, हातपाय धड आहेत. तीन तारखेला सकाळी चूळ भरली तर पाणी उजवीकडून बनियनवर. वाटलं, झोपेत आहे. पुन्हा भरली, पुन्हा तेच. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा माझा आणि अर्धा खाली ओघळलेला. उजवा डोळा मिटेना. मी पलंगावर बसलो. पहिला विचार काय आला सांगू? हे आता कोणाला सांगायचं? फोन घेऊन नावं वरखाली केली. गॅसवाला, इलेक्ट्रिशियन, सोसायटीचा सेक्रेटरी. शेवटी तोंडाला टॉवेल गुंडाळला आणि बसने धंतोलीला गेलो.

डॉक्टर म्हणाले, मेंदूचं नाही, चेहऱ्याच्या नसेचं आहे. गोळ्या, डोळ्यात थेंब, झोपताना डोळ्यावर पट्टी आणि रोज फिजिओथेरपी. बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत जातं म्हणे. काहींचं राहतं.

फिजिओथेरपीची पोरगी उन्नती. वयाने तुझ्याहून लहान, आवाज आमच्या चीफ इंजिनिअरपेक्षा मोठा. गाल फुगवा. शिट्टी वाजवा. दात दाखवा. मग म्हणाली, "आता हसा काका."

म्हटलं, "कशाला?"

"कशाला म्हणजे? व्यायाम आहे."

हसलो. म्हणजे मला तसं वाटलं. ती वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "काका, जी बाजू चांगली आहे तिकडूनही तुम्ही नाही हसून राहिले."

बाकावर बसलेली तीन माणसं खो खो हसली. मी भयंकर संतापलो. घरी येऊन दार लावलं, आरशासमोर बसलो आणि पाहिलं. पोरगी खोटं बोलत नव्हती. धड बाजूलाही सवय नव्हती.

आपल्या घरात हसायचं खातं तुझ्या आईकडे होतं. दार वाजलं की सुमती जायची. "या, बसा, पाणी घ्या," हे तिचं तोंड भरून चालायचं, येणारा वसुलीला आलेला का असेना. मी आतल्या खोलीत पेपर वाचायचो. मला वाटायचं, एका घराला एक हसणारा माणूस पुरतो. ती गेली तेव्हा तू बी.एड. करत होतीस. त्यानंतर दार माझ्याकडे आलं.

फोन न करण्याचं खरं कारणही लिहून टाकतो. दोन्ही ओठ घट्ट मिटल्याशिवाय जी अक्षरं निघत नाहीत ती मला येत नाहीत. प, फ, ब, भ, म. उजवीकडून वारा सुटतो. त्यामुळे "बाबा"ही म्हणता येत नाही आणि "भैरवी"ही. दोन आठवडे झाले, आंघोळ करताना तुझं नाव घेऊन पाहतो. वरच्या मजल्यावरची छोटी गार्गी तिच्या आईला विचारत होती म्हणे, आजोबा बाथरूममध्ये फुंकर कशावर मारतात?

बाकी सर्व नॉर्मल. ही सवय काही जात नाही. पस्तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये शिफ्ट संपताना रजिस्टरमध्ये हेच लिहून उठत आलो.

बाबा


६ फेब्रुवारी २०२४

भैरवी,

तुझ्याकडून काही नाही. मी विचारत नाहीये, नुसतं लिहितोय.

उन्नतीने नवीन हुकूम सोडला आहे. म्हणे, आरशासमोर पुरे झालं, आता माणसांकडे बघून हसायचं. रोज किमान दहा जण. म्हटलं, लोक पागल समजतील. ती म्हणाली, "समजू द्या नं काका. तुमचं काय जाऊन राहिलं?" हिच्या घरी हिचा बाप कसा नांदतो देव जाणे.

तर ऐक तुझ्या बापाचे पराक्रम. दूधवाल्याकडे बघून हसलो. त्याला वाटलं मी त्याच्या दुधावर हसलो, पाणी घालत नाही म्हणून शपथा घ्यायला लागला. बसमध्ये एका बाईकडे बघून हसलो, तिने पर्स छातीशी धरली आणि जागा बदलली. सोसायटीचा चौकीदार धावतच आला, "साहेब, चक्कर तर नाही येत आहे?" दहा वर्षं राहतोय असं नाही, पण चार वर्षं या माणसाच्या समोरून रोज दोनदा जातो. मी हसलो याचा अर्थ त्याला चक्कर एवढाच लागला.

चार दिवस असंच. पाचव्या दिवशी मी ठरवलं होतं की हे थेर बंद. बस सीताबर्डीला सिग्नलवर थांबली. खिडकीतून बाहेर बघत मी सवयीने तोंड वाकडं केलं, कोणाकडे म्हणून नाही. फुटपाथवर एक म्हातारा संत्री मांडून बसला होता. त्याने पाहिलं आणि तो हसला. एकही दात नाही तोंडात, पण पूर्ण हसला. वर एक संत्रं उचलून दाखवलं, पाहिजे का म्हणून. तेवढ्यात बस निघाली. धंतोलीपर्यंत माझा डोळा गळत होता. उजवा तर तसाही गळतो, पण डावाही गळत होता.

आता एक लिहितो ते कोणाला सांगू नकोस. क्लिनिक एका मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर आहे. वर भरती असलेल्या पेशंटची माणसंही आमच्याच बाकांवर बसतात. तिथे एक सिंधूताई असते. आरमोरीकडची, पन्नाशीची असेल, तिचा नवरा तीन आठवड्यांपासून वर पडून आहे. परवा मी बाकावर चहा पीत होतो. चहा मी कोपऱ्यात तोंड करून पितो, कारण अर्धा बाहेर येतो. रुमाल घरी राहिला होता. हनुवटीवरून चहा शर्टवर गळायला लागला आणि समोर सगळी माणसं. मला हातही उचलेना. सिंधूताई उठली, आपल्या पदराने माझी हनुवटी पुसली, गळा पुसला आणि शेजारी बसली.

"काहून लाजता जी भाऊ?" म्हणाली. "माह्या घरच्याले तर मी रोज पुसून देते."

आणि हसली. कीव नव्हती गं त्या हसण्यात. शेजारणीने साखर मागितली तर बाई जशी हसून देते तसं होतं. मी काही बोलू शकलो नाही, तिच्या नावातलं एकही अक्षर माझ्या अडचणीचं नाही तरीसुद्धा. उठलो आणि तिच्या थर्मासमध्ये खालच्या टपरीवरून गरम पाणी भरून आणलं. दुसरं काय करणार?

घरी येताना हिशोब लावला. सुमती गेल्यानंतर मला कोणी हात लावला असा हा पहिलाच प्रसंग. डॉक्टर सोडून. बारा वर्षं.

बाकी सर्व नॉर्मल.

बाबा


२० फेब्रुवारी २०२४

भैरवी,

सिंधूताई दिसत नाही. पाच दिवस झाले. मी रोज आधी थर्मास शोधतो, मग तिला. वरच्या नर्सला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही नातेवाईक का? नाही म्हटल्यावर सांगत नाही म्हणाली. नवरा बरा होऊन ती गेली की तसं काही झालं, हे मला आता कधीच कळणार नाही. तिचं गाव आरमोरीकडे, एवढ्यावर कुठे शोधू?

पण तिने एक काम करून ठेवलं. तेव्हापासून मी रोज त्या बाकावर अर्धा तास आधी जाऊन बसतो. दूरदूरची माणसं येतात. चंद्रपूरची, गोंदियाची, कुठली कुठली. त्यांना कळत नाही कोणत्या खिडकीवर जायचं, कागद कोणता दाखवायचा, लिफ्ट कुठे आहे. मी वाकडं हसतो आणि दाखवतो. माझं तोंड पाहून त्यांना वाटतं, हा आपल्याहून जास्त आजारी आहे, आणि ते लगेच मोकळे होतात. उन्नती म्हणते, काका, तुम्हाले पगार सुरू करू का? मी म्हटलं, तू आधी माझा ओठ सुरू कर.

हे सगळं मी तुला मुद्दाम सांगत बसलोय, कारण जे सांगायचं आहे ते पुढे ढकलतोय. हे तिसरं कोरं पान. आधीची दोन फाडली.

कंट्रोल रूममध्ये एक नियम असायचा. शिफ्ट बदलताना, जे काही बिघडलेलं आहे, कितीही छोटं असो, ते रजिस्टरमध्ये लिहायचं. पुढचा माणूस ते वाचून खाली सही करेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. लपवलं तर त्याची शिक्षा पुढच्याला. मी आयुष्यभर बाकीच्यांना यावरून झापलं.

आणि पहिल्या पत्रात तुला खोटी नोंद पाठवली.

मी त्यांना ओळखलं होतं, भैरवी.

त्या दिवशी सकाळी तू शाळेत शिकवायला गेलेली. मी नुकताच येऊन लुंगी नेसून बसलो होतो. दार वाजलं. भैयाजी उभे होते. राखेच्या ट्रकांचं त्यांचं काम होतं, गेटवर मी त्यांना वीसदा तरी पाहिलं असेल. त्या दिवशी पांढरा धुवट शर्ट घातला होता, केसांना पाणी लावून भांग पाडला होता. हातात संत्रा बर्फीचा डबा. त्यांच्या घरात म्हणे बापाने आधी एकट्याने जाऊन शब्द टाकायची रीत आहे. हसत होते. कान ते कान हसत होते. आणि स्पष्ट म्हणाले, "साहेब, मी मोहितचा बाप."

मी ऐकलं. चांगलं ऐकलं. एका क्षणात मला सगळं कळलं, डबा कशाचा, शर्ट कशाचा. आणि मी म्हणालो, "गेटवर भेटा." दार लावलं.

आतून मी त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत उभा होतो. बराच वेळ आवाजच आला नाही. मग गेले.

तू म्हणशील, जात पाहिली, ट्रकवाला पाहिला. मी लग्नाला आलो नाही तेव्हा लोकांनीही तेच म्हटलं आणि मी म्हणू दिलं, कारण खरं कारण त्याहून लाजिरवाणं होतं. सुमती गेल्यावर घरात आपण दोघंच. तू संध्याकाळी आलीस की दिवे लागायचे. मला स्वयंपाकघरात तुझी भांडी वाजलेली ऐकू यायची तेव्हा पेपरमधलं काही कळायचं. आणि हा माणूस माझं घर रिकामं करायला आला होता, तोही हसत. मला ते हसणं सहन झालं नाही. मी भ्यालो होतो, भैरवी. दुसरं काही नव्हतं.

संध्याकाळी तू विचारलंस, "बाबा, आज कोणी आलं होतं?" मी म्हणालो, "नाही." पुढे दोन महिने तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस आणि मी पेपरकडे. मग तू रजिस्ट्रारच्या ऑफिसची तारीख सांगितलीस. त्या दिवशी मी कपडे घालून बसस्टॉपपर्यंत आलो होतो. तिथे भैयाजी असणार, तुझ्यासमोर त्यांच्या नजरेला नजर द्यावी लागणार, म्हणून परत फिरलो.

एक हसू आणि एक "या". एवढंच लागत होतं त्या सकाळी. सिंधूताईने मला ओळखपाळख नसताना दिलं. मी माझ्या पोरीच्या सासऱ्याला नाही दिलं.

आज शेवटी काही लिहीत नाही.

बाबा


१० मार्च २०२४, रविवार

भैरवी,

आज मी भैयाजींकडे गेलो होतो. कोराडीजवळ महादुल्यात त्यांचं घर आहे हे माहीत होतं. घर कोणतं, ते पानठेल्यावर विचारलं. बसस्टॉपवर उतरलो तेव्हा दुपारचे बारा. चिमण्या तशाच धूर सोडत उभ्या आहेत. हातात संत्रा बर्फीचा डबा. दुसरं काय न्यायचं सुचेना.

त्यांच्या दारासमोर मी पंधरा मिनिटं उभा होतो. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं. "माफ करा" यातच म आणि फ, दोन्ही अजून माझे वैरी. कडी वाजवायला हात केला आणि दार आतूनच उघडलं. भैयाजी. केस सगळे पांढरे झालेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं. मी हसायचा प्रयत्न केला. डावीकडून आलं, उजवीकडून अर्धं आलं. तसाच उभा राहिलो. त्या क्षणी त्यांनी "गेटवर भेटा" म्हटलं असतं तरी मी मुकाट्याने गेटवर जाऊन उभा राहिलो असतो.

ते म्हणाले, "साहेब, काहून उन्हात उभे हाय? या ना आत."

आणि हसले. तेच हसणं गं. तेच.

तुझ्या सासूबाईंनी, कौशल्याबाईंनी, पाणी आणलं. मी प्यालो आणि उजवीकडून शर्टवर सांडलं. मी रुमाल शोधतोय तोवर त्या आत गेल्या. चहा घेऊन आल्या तर काय, माझा चहा वाटीत, सोबत चमचा. आणि भैयाजींचाही वाटीत, चमच्यासकट. तो एवढा मोठा माणूस, ट्रकचं स्टिअरिंग फिरवून मनगटं जाड झालेली, चमच्याचमच्याने चहा प्यायला लागला. जन्मभर असाच पीत आल्यासारखा. माझा चमचा वाटीवर वाजत होता. तेही मुद्दाम आपला वाजवायला लागले.

मी रडलो, भैरवी. परक्या घरात, वाटी हातात धरून. लाज वाटली नाही.

मग कसंबसं बोललो. म्हटलं, त्या दिवशी मी तुम्हाला ओळखलं होतं.

"मले माहीत हाय," भैयाजी म्हणाले. "ओळखल्याबिगर माणूस इतक्या हळू दार नाही लावत."

म्हटलं, भैरवीने त्याची शिक्षा दिली मला, बरोबरच केलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कौशल्याबाई म्हणाल्या, "तिले कुठं माहीत हाय जी?"

तर असं आहे. तुला माहीतच नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी मोहितला, आणि त्याच्याकरवी तुला, सांगितलं, साहेबांच्या क्वार्टरला कुलूप होतं. डबा त्यांनी रस्त्यातच वाटून टाकला, गेटवरच्या मजुरांना. सहा वर्षं त्यांच्या पोटात ते राहिलं. त्या दोघांशिवाय कोणाला कळलं नाही. तुला मी रजिस्ट्रार ऑफिसला आलो नाही, एवढंच माहीत. आणि मी मूर्ख तुला पहिल्याच पत्रात "हे तुला माहीत आहेच" म्हणून सगळं लिहून बसलो.

म्हटलं, का लपवलंत? तुमचा अपमान झाला होता.

कौशल्याबाईंनीच उत्तर दिलं. "अपमान आमचा झाला, माहेर तर पोरीचं तुटलं असतं नं. माय नाही तिले. बापाकडे जायचा रस्ता तरी राहू द्या म्हटलं."

भैरवी, मला त्या घरातून उठवेना.

मग भैयाजींनी बाकीचं सांगितलं. माझं पत्र मिळाल्यावर जानेवारीत तुझा फोन आला होता, आबाजी, बाबांनी तुम्हाला दारातून परत पाठवलं होतं का? ते म्हणाले, नाही वं पोरी, कुलूप होतं. माझ्या चौथ्या पत्रानंतर पुन्हा आला. तू रडत होतीस म्हणाले. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. म्हणे, तुझ्या बापाची तब्येत बरी नाही, एकटा माणूस, काहीही लिहून राहिला असेल, मनावर घेऊ नको. आणि तू म्हणालीस, पाडव्याला आम्ही येतोय. कुलूप होतं हे खरं असेल, तर बाबांकडेही जाईन. नसेल, तर मला त्यांचं तोंड बघायचं नाही.

भैयाजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "साहेब, तुम्ही काही करू नका. फक्त चूप राहा. पाडव्याले पोरगी तुमच्या दारात येते."

फक्त चूप राहा. जे काम मी जन्मभर केलं, तेच. बसमध्ये बसल्यावर मला सगळं दिसायला लागलं. तू दारात. मोहित मागे पिशव्या घेऊन. मी "या" म्हणतोय, वाकडं हसून. गुढीला साखरेची गाठी, ती मी परवा बाजारात पाहून ठेवली आहे. दोन ताटं जास्तीची धुऊन पुसून ठेवायला लागतील, इथपर्यंत माझा विचार गेला. मानकापूर येईपर्यंत मी चूप राहायचं ठरवूनही टाकलं होतं.

घरी येऊन पाहतो तर हातात बर्फीचा डबा. द्यायचा विसरलो. त्यांचाही डबा त्या दिवशी असाच परत गेला. टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसलो आणि मग कागद घेतला.

तू आबाजींवर रागावू नकोस. ते दोनदा तुझ्याशी खोटं बोलले, ते मला वाचवायला नाही, तुला माहेर राहावं म्हणून. पण त्यांच्या पदरी खोटं टाकून मी माझ्या दारात तुझं स्वागत करू? तेवढं हसणं माझ्या चेहऱ्याला नाही जमणार. मी चूप राहिलो तरी तुझ्या मनात शंका राहणारच. एवढ्या चांगल्या माणसाला तू जन्मभर थोडंसं खोटं समजत राहशील, त्यापेक्षा मला समज. मी आहेच.

तेव्हा नोंद करतो, आणि ही खरी आहे. त्या दिवशी क्वार्टरला कुलूप नव्हतं. मी घरात होतो. दार मी लावलं, ओळखून लावलं.

पाडव्याला महादुल्याला नक्की या. ती माणसं वाट पाहत आहेत. माझ्याकडे यायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

बाबा

ता. क. काल उन्नतीसमोर तुझं नाव पूर्ण म्हणून झालं. वारा सुटला नाही. ती म्हणाली, काका, आता फोन करून टाका. मी म्हटलं, आधी पत्र पोचू दे.